मुलांच्या भल्यासाठी मारलेला शिक्का

मुलांना एखाद्या पुस्तकापासून दूर ठेवणे आणि ते पुस्तक कोणासाठीच उरू न देणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीत पालकाची काळजी असते. दुसरीत सगळ्या समाजालाच अल्पवयीन ठरवले जाते. दोन्हींचे समर्थन मात्र एकाच शब्दांत होते, ‘मुलांच्या भल्यासाठी’, आणि म्हणून त्यांच्यातला फरक चटकन ध्यानात येत नाही. तो फरक विसरल्याची किंमत केवढी असते हे पाहायचे तर १९५४ सालच्या अमेरिकेकडे पाहावे. त्या एका वर्षात तिथल्या कॉमिक्सच्या धंद्यात जे घडले, त्यामुळे एक तरुण, उद्धट आणि गुणी माध्यम पुढची कित्येक दशके बालवर्गात जाऊन बसले.

त्या वर्षाची हकिकत सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. एका बाजूला कॉमिक्सच्या मागे हात धुऊन लागलेला कर्मठ मानसोपचारतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यासाठी एकाकी झुंजणारा प्रकाशक आणि मध्ये मतांवर डोळा ठेवून बसलेले सिनेटर. मला ही मांडणी अपुरी वाटते. ती खलनायक दाखवते आणि यंत्रणा झाकून ठेवते. खलनायक काळाच्या पडद्याआड गेला की धोका टळला असे वाचकाला वाटते. यंत्रणा मात्र शाबूत राहते आणि पुढच्या माध्यमाच्या वेळी पुन्हा कामाला लागते. म्हणून इथे मला माणसांपेक्षा त्या यंत्रणेबद्दल बोलायचे आहे.

आधी तेव्हाची कॉमिक्स कशी होती ते पाहू. दहा सेंटांना मिळणारी ही रंगीत, स्वस्त कागदावरची पुस्तके वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या नि किराणा मालाच्या दुकानांत टांगलेली असत. दर महिन्याला त्यांच्या कोट्यवधी प्रती खपत. वाचक केवळ मुले नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी कॉमिक्स भरपूर वाचली होती आणि घरी परतल्यावर त्यांतल्या अनेकांची ती सवय सुटली नव्हती. १९४७ साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी ‘यंग रोमान्स’ काढले, तेव्हा ते जरा मोठ्या वयाच्या वाचकांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच छापले होते. युद्ध संपल्यावर सुपरहिरोंची लाट ओसरली आणि तिच्या जागी गुन्हेगारी, प्रेम, युद्ध, विज्ञान, भय असे नाना विषय आले. माध्यम वयात येत होते. त्या वयात असतो तसा त्याच्यात भडकपणा होता, आचरटपणा होता आणि आजवर न बोललेले बोलून दाखवण्याची धडपडही होती.

हे सगळे एकाच छपराखाली पाहायचे तर ‘ईसी कॉमिक्स’ या प्रकाशनसंस्थेकडे पाहावे. मॅक्स गेन्स यांनी बायबलमधल्या आणि इतिहासातल्या चित्रकथा काढण्यासाठी ती उभी केली होती. १९४७ साली बोटीच्या अपघातात ते गेले आणि रसायनशास्त्राचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या, बिल गेन्स यांच्या, गळ्यात हा धंदा पडला. १९५०पासून त्यांनी आणि संपादक अल फेल्डस्टीन यांनी ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’, ‘वीअर्ड फँटसी’ अशी मासिके चालवली. त्यांत कुजलेली प्रेते थडग्यांतून उठत, नवरे बायकांचे नि बायका नवऱ्यांचे मुडदे पाडत. पण त्याच संस्थेत हार्वे कर्ट्झमन कोरियाचे युद्ध चालू असताना युद्धाची शेखी न मिरवणाऱ्या युद्धकथा रचत होते. १९५२ साली त्यांनीच ‘मॅड’ सुरू केले. ‘शॉक सस्पेन्स्टोरीज’मध्ये वंशद्वेषाने पेटलेल्या झुंडींवर कथा येत होत्या. गोऱ्या, मध्यमवर्गीय, सुखवस्तू अमेरिकेला तिचे भेसूर रूप दाखवणारी छापील जागा तेव्हा फारशी नव्हती. दहा सेंटांच्या या पुस्तकांत ती होती.

आता डॉ. फ्रेडरिक वर्थम. जर्मनीत जन्मलेले आणि १९२२ साली अमेरिकेत आलेले हे मानसोपचारतज्ज्ञ पुरोगामी वृत्तीचे होते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, एका चर्चच्या इमारतीच्या तळघरात, त्यांनी लाफार्ग क्लिनिक सुरू केले. ज्या कृष्णवर्णीयांना शहरातले इतर दवाखाने दारात उभे करत नव्हते, त्यांच्यावर तिथे नाममात्र पैशांत मानसोपचार होत. कादंबरीकार रिचर्ड राइट यांचा या कामाला पाठिंबा होता. वेगळ्या शाळांमुळे कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर काय आघात होतो, याची साक्ष वर्थम यांनी डेलावेअर राज्यातल्या खटल्यात दिली. तो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या ऐतिहासिक प्रकरणाचा भाग झाला आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. अशा माणसाला कर्मठ म्हणून निकालात काढणे मला शक्य नाही. मुलांवर समाज काय लादतो हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. शाळांच्या बाबतीत त्यांचे उत्तर बरोबर निघाले आणि कॉमिक्सच्या बाबतीत चुकले.

चुकले ते पुराव्यात. १९५४च्या वसंतात त्यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आले. दवाखान्यात येणारी, गुन्ह्यांत सापडलेली मुले कॉमिक्स वाचतात, हे त्यांनी मुलाखतींतून दाखवले आणि त्यावरून कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा निष्कर्ष काढला. पण त्या काळात बहुतेक सगळीच मुले कॉमिक्स वाचत होती. शाळेत पहिला येणाराही वाचत होता आणि दुकान फोडणाराही. न बिघडलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय असा निष्कर्ष उभा राहत नाही. पुढे २०१० साली वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल टिली यांनी ती तपासून २०१२ साली दाखवून दिले की वर्थम यांनी अनेक ठिकाणी मुलांच्या जबान्या फिरवल्या होत्या, वेगवेगळ्या मुलांची विधाने एकत्र केली होती आणि त्यांच्या घरच्या परिस्थितीचे तपशील गाळले होते. मारहाण, दारिद्र्य, दुरावलेले आईबाप हे सारे मागे पडले आणि दहा सेंटांचे पुस्तक पुढे आले. हेतू शुद्ध असल्याने पुरावा शुद्ध होत नाही. उलट, आपला हेतू शुद्ध आहे अशी ज्याची खात्री असते, तो पुराव्याच्या बाबतीत अधिक ढिला होण्याचा संभव असतो.

तरीही वर्थम नेमके काय मागत होते, हे फार थोडे लोक सांगतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना गुन्हेगारी आणि हिंसक कॉमिक्स विकण्यास आणि त्यांच्यासमोर मांडण्यास कायद्याने मनाई करावी, एवढी त्यांची मागणी होती. या प्रकारच्या चित्रकथा जगातून नाहीशा कराव्यात असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा पुरावा मला अमान्य आहे; पण त्यांची मागणी, तत्त्व म्हणून, मी आजही मान्य करीन. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती तोडलेल्या मुंडक्याचे चित्र पडू नये असे आईबापांना वाटले तर त्यात मागासलेपण नाही. भीती सोसण्याची ताकद वयाप्रमाणे वाढते. ती ओळखून वाचन पुरवणे हा संगोपनाचाच भाग आहे.

२१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये, फोली स्क्वेअरच्या न्यायालयाच्या इमारतीत, बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीपुढे वर्थम आणि गेन्स या दोघांचीही साक्ष झाली. अध्यक्ष रॉबर्ट हेन्ड्रिक्सन होते. पण सगळ्यांच्या नजरा एस्टिस कीफॉवर यांच्याकडे होत्या, कारण संघटित गुन्हेगारीवरच्या, टीव्हीवर दाखवलेल्या त्यांच्या आधीच्या चौकशीने ते देशभर गाजले होते. गेन्स स्वतःहून साक्षीला आले होते. आपल्या मासिकांना मर्यादा कोणती, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या सुरुचीची मर्यादा सांगितली. कीफॉवर यांनी लगेच ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’चा एक अंक वर धरला. मुखपृष्ठावर एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले मुंडके केसांनी धरलेला माणूस होता. हे सुरुचीला धरून आहे काय? भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे, असे गेन्स म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच झळकले आणि लोकांच्या दृष्टीने खटल्याचा निकाल तिथेच लागला.

त्या प्रश्नोत्तराचा विचार करताना मला नेहमी वाटते की प्रश्नच चुकीचा होता आणि गेन्स यांनी तो स्वीकारला, हे त्यांचे खरे नुकसान झाले. सुरुची हा मुद्दाच नव्हता. हे चित्र कोणत्या वयाच्या वाचकासाठी आहे, हा मुद्दा होता. तो सिनेटरांनी धरून ठेवला नाही आणि गेन्स यांनाही तो मांडणे सोयीचे नव्हते, कारण त्यांचे गिऱ्हाईक मुलेही होती. प्रौढांसाठी वेगळा छाप मारून, वेगळ्या जागी ठेवून, कमी खपावर समाधान मानून मासिके चालवण्याची तयारी धंद्यातल्या कोणीच दाखवली नाही. म्हणजे स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्यांनीही त्या दिवशी स्वातंत्र्याचा एकमेव टिकाऊ आधार सोडून दिला.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि ती मला जास्त बोलकी वाटते. वंशद्वेषाला चिथावणी देणारे कॉमिक म्हणून वर्थम यांनी ईसीच्या ‘द व्हिपिंग’ या कथेचा दाखला दिला. मेक्सिकन लोकांना उद्देशून वापरलेली शिवी तिच्यात पुन्हा पुन्हा येत होती. प्रत्यक्षात ती कथा त्या द्वेषाच्या विरोधात होती. मुलीने मेक्सिकन तरुणावर प्रेम केले म्हणून चवताळलेला बाप बुरखाधारी टोळी जमवतो आणि अंधारात चाबकाखाली सापडते ती त्याची स्वतःचीच मुलगी. गेन्स यांनी समितीला हे समजावून सांगितले, पण ते कोणाच्या कानावर गेले नाही. आयुष्यभर वंशभेदाशी लढलेल्या माणसाला वंशभेदाविरुद्धची कथा ओळखता आली नाही, कारण तो शिव्या मोजत होता, कथा वाचत नव्हता. जिथे शब्द आणि चित्रे मोजून निर्णय होतात, तिथे हे अटळ असते. द्वेष दाखवणारी कृती आणि द्वेष पसरवणारी कृती मोजणीत सारखीच दिसते.

पुढे काय झाले? सरकारने कायदा केला नाही. त्याला तो करणे सोपेही नव्हते, कारण १९४८ साली ‘विंटर्स विरुद्ध न्यूयॉर्क’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगारी कथांच्या मासिकांवरचा न्यूयॉर्क राज्याचा कायदा मोघम म्हणून रद्द केला होता. उपसमितीच्या १९५५च्या अहवालानेही सरकारी सेन्सॉरशिप नको असेच म्हटले आणि धंद्याने स्वतःला आवर घालावा असे सुचवले. पण अहवाल येण्याआधीच प्रकाशक घाबरले होते. १९५४च्या सप्टेंबरात त्यांनी ‘कॉमिक्स मॅगझिन असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संघटना उभी केली. ‘आर्ची’ कॉमिक्सचे जॉन गोल्डवॉटर तिचे अध्यक्ष झाले, न्यूयॉर्कचे दंडाधिकारी चार्ल्स मर्फी यांना परीक्षणाच्या कामावर नेमले गेले आणि २६ ऑक्टोबरला आचारसंहिता मंजूर झाली. छपाईआधी प्रत्येक पान तपासायचे, पसंत पडले तर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात शिक्का छापू द्यायचा, अशी पद्धत ठरली.

ती आचारसंहिता आज वाचली तर दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली अशी की तिच्यात वयाची रेघ कुठेच नाही. मुलांसाठीची आणि मोठ्यांसाठीची कॉमिक्स असा भेदच तिने ठेवला नाही; जे असेल ते मुलांना चालेल असेच असले पाहिजे. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत. पिशाच्चे, नरमांसभक्षक, चालती प्रेते नकोत. प्रत्येक कथेत शेवटी सत्प्रवृत्तीचा विजय झालाच पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर वाटेल असे त्यांना दाखवू नये, असेही एक कलम तिच्यात होते. घटस्फोट इष्ट म्हणून दाखवू नये, असे दुसरे. मुलांना झोपेत दचकवणाऱ्या चित्रांशी भ्रष्ट पोलिसाच्या कथेचा काय संबंध? काहीच नाही. पण मुलांच्या नावाने दार उघडले की त्यातून सत्तेची आणि रूढीची सोय हळूच आत येते, आणि तिला अडवणारा माणूस मुलांचा शत्रू ठरतो.

ही संहिता ऐच्छिक होती, कोणावर सक्ती नव्हती, असे तिच्या बाजूने म्हटले जाते. धंदा कसा चालत होता हे पाहिले की या म्हणण्यातला पोकळपणा कळतो. कॉमिक्स परतीच्या बोलीवर विकली जात. दुकानदाराने न खपलेल्या प्रती परत पाठवायच्या आणि पैसे वळते करून घ्यायचे. एका दहा सेंटी पुस्तकावर दुकानदाराला मिळणार ते काय. त्यासाठी गावातल्या पालकसंघटनेशी वैर कोण पत्करेल? शिक्का नसलेल्या अंकांचे गठ्ठे घाऊक वितरक न सोडताच परत पाठवू लागले. कायद्याने बंदी आणायची तर पुरावा लागतो, आरोपीला वकील मिळतो, निकालावर अपील होते. गठ्ठा परत आला तर कोणाविरुद्ध अपील करायचे? कोणीच बंदी घातलेली नसते. फक्त पुस्तक वाचकापर्यंत पोचत नाही.

बलदंडांना मात्र शिक्क्याची गरज भासली नाही. डिस्नेची पात्रे छापणारी, धंद्यातली सर्वांत मोठी ‘डेल’ ही कंपनी संघटनेत आलीच नाही, आणि तिच्या पुस्तकांना शिक्का नसतानाही कोणी हात लावला नाही. गेन्स यांनी १४ सप्टेंबरलाच आपली भय आणि गुन्हेगारीची मासिके बंद केल्याचे जाहीर केले होते. त्यांनी नवी, सौम्य मासिके काढली; शिक्का नव्हता म्हणून गठ्ठे परत आले. शेवटी तेही संघटनेत गेले. १९५४ ते १९५६ या काळात अमेरिकेत निघणाऱ्या कॉमिक्सची संख्या सुमारे ६५०वरून २५०वर आली. याचे सगळे खापर संहितेवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण तोवर निम्म्याहून अधिक घरांत टीव्ही आला होता. पण संहितेमुळे काय गेले ते केवळ संख्येत मोजता येत नाही. डेव्हिड हेडू यांनी या काळावरच्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी, पुन्हा कधीच कॉमिक्सकडे न वळलेल्या शेकडो चित्रकारांची नि लेखकांची नावे छापली आहेत. ती यादी हेच या संहितेचे खरे मोजमाप आहे.

दोन कथांमधून मला हे नुकसान सर्वांत स्पष्ट दिसते. पहिली ‘जजमेंट डे’, फेल्डस्टीन यांनी लिहिलेली आणि जो ऑर्लँडो यांनी रेखाटलेली. पृथ्वीवरून आलेला एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात, हलकी कामे देतात. दोघांची घडण मात्र आतून अगदी सारखी. हा ग्रह अजून आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात यायला लायक झालेला नाही, असा निर्णय देऊन पाहुणा यानात परततो, शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चौकटीत कळते की तो कृष्णवर्णीय आहे. १९५३ साली ही कथा छापली गेली तेव्हा शिक्का नव्हता. तीच कथा ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या १९५६च्या अंकात पुन्हा छापायची ठरली तेव्हा मर्फी यांनी तो अंतराळवीर कृष्णवर्णीय असण्यालाच हरकत घेतली. संहितेत असे कुठलेही कलम नव्हते. उलट, कोणत्याही वंशाचा उपहास करू नये असे कलम होते. गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी बदल करायला साफ नकार दिला आणि कथा जशीच्या तशी छापली. ईसीचे ते शेवटचे कॉमिक ठरले.

दुसरी ‘मास्टर रेस’, बर्नार्ड क्रिगस्टीन यांची. १९५५ साली ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकात आलेल्या या आठ पानांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस दुसऱ्याला ओळखतो आणि नाझी छळछावणीतले दिवस परत येतात. ज्यूंच्या संहाराबद्दल अमेरिकेत जाहीरपणे फारसे बोललेही जात नव्हते, त्या काळात हे काम दहा सेंटांच्या पुस्तकाने केले. धावत्या डब्याच्या खिडक्यांतून तेच चेहरे पुन्हा पुन्हा दाखवून क्रिगस्टीन यांनी काळाचा वेग कागदावर आणला. विद्यार्थी असताना या कथेचा बारकाईने अभ्यास केलेल्या आर्ट स्पीगलमन यांना पुढे ‘माउस’ या चित्रकादंबरीसाठी १९९२ साली पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. ‘मास्टर रेस’ आणि हे पारितोषिक यांच्यामध्ये ३७ वर्षे गेली. एका माध्यमाला जे १९५५ साली जमत होते, ते त्याला जमते हे मान्य व्हायला एवढा काळ लागला.

माध्यम पूर्ण मेले नाही. १९५५च्या उन्हाळ्यात ‘मॅड’ कॉमिक बुकाचे रूप सोडून मोठ्या आकाराचे नियतकालिक झाले. कर्ट्झमन यांना धरून ठेवणे हा त्यामागचा हेतू होता. पण त्यामुळे ते संहितेच्या कक्षेबाहेर गेले आणि टिकले. १९६८नंतर रॉबर्ट क्रम्ब आणि त्यांच्या पिढीने वर्तमानपत्रांच्या स्टॉलचे जाळेच टाळून वेगळ्या दुकानांतून कॉमिक्स विकली. जपानमध्येही पन्नाशीच्या दशकात वाईट पुस्तकांविरुद्ध पालकांची चळवळ झाली, पण सगळ्या माध्यमाला एकच शिक्का बसला नाही. १९५७पासून तिथे मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथांचा वेगळा प्रवाह आकाराला आला. हिरोशिमाचा संहार स्वतः भोगलेल्या केइजी नाकाझावा यांची ‘बेअरफूट गेन’ तर १९७३ साली मुलांच्याच साप्ताहिकात सुरू झाली. भीषण सत्य मुलांना सांगताच येत नाही, या समजुतीला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. प्रश्न भीषणतेचा कधीच नव्हता, ती कशासाठी दाखवली याचा होता, आणि तो मोजपट्टीने सुटत नाही.

१९५४ची ही भीती आपल्यापर्यंतही पोचली होती. ब्रिटनने १९५५ साली मुलांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्याआधी, १९५४च्या सप्टेंबरात, ग्लासगोच्या एका दफनभूमीत शेकडो मुले लोखंडी दातांच्या राक्षसाला शोधत फिरली आणि त्याचाही दोष अमेरिकन भयकॉमिक्सना दिला गेला. असा राक्षस स्कॉटलंडच्या जुन्या लोकपरंपरेत आधीपासून होता. ब्रिटिश कायद्याच्या पाठोपाठ १९५६ साली भारतात ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट’ आला. त्यात गुन्हे, क्रौर्य आणि किळसवाणे किंवा भयंकर प्रसंग रंगवून वीस वर्षांखालच्या व्यक्तीला बिघडवू शकतील अशा पुस्तकांवर जप्तीची आणि शिक्षेची तरतूद आहे. त्याच सुमारास मराठी मुले ‘चांदोबा’तून विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेतातला वेताळ वाचत मोठी होत होती. अमेरिकन संहितेत चालत्या-बोलत्या प्रेतांना जागा नव्हती. त्या कसोटीवर आपल्या अनेक पिढ्यांचे लाडके सदर पहिल्याच फटक्यात बाद झाले असते. त्या वेताळाने मुलांना बिघडवले नाही. दर वेळी एक अवघड नैतिक प्रश्न विचारून विचार करायला लावले.

आपल्या कायद्याची भाषा मला आवडत नाही. तरुणाच्या हाती पडू शकेल, ही अट इतकी सैल आहे की कुठलेही पुस्तक तिच्यात बसवता येईल. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे: जप्तीच्या हुकमाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. ही बारीकशी वाटणारी तरतूद फार मोलाची आहे. ‘सखाराम बाइंडर’चे प्रयोग राज्याच्या सेन्सॉरने अडवले, तेव्हा कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात लढू शकले आणि जिंकले, कारण समोर एक सही केलेला हुकूम होता. नाटक प्रौढांसाठी असू शकते आणि त्याची परीक्षाही प्रौढ नजरेने व्हावी, हे त्या लढ्याने मराठी रंगभूमीला मिळवून दिले. अमेरिकन कॉमिक्सच्या कलावंतांना अशी लढाई लढताच आली नाही. त्यांच्याविरुद्ध हुकूमच नव्हता.

सरकारी सेन्सॉरपेक्षा धंद्याचा स्वयंसंयम बरा, असे आज अनेक उदारमतवादी मंडळी म्हणतात. तेही नेहमी खरे नसते. स्वयंसंयमाने वयाची रेघ आखली तर तो उपकारक आहे. आपल्याकडे ही रेघ सरकारी नियमांनी आखली आहे: सिनेमाला ‘यू’ आणि ‘ए’ अशी प्रमाणपत्रे १९४९च्या दुरुस्तीपासून आहेत आणि २०२१च्या नियमांनी ओटीटीवरच्या मालिकांनाही सात, तेरा, सोळा अशा वयांच्या पायऱ्या लावल्या आहेत. ही पद्धत गैरसोयीची, अपुरी असली तरी योग्य दिशेची आहे. तिच्यात प्रौढ वाचकाचे नि प्रेक्षकाचे अस्तित्व मान्य केलेले असते. पण स्वयंसंयम जेव्हा सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांच्या हाती जातो, वयाची रेघ पुसून टाकतो आणि लहान प्रकाशकाला बाजाराबाहेर ढकलतो, तेव्हा तो सेन्सॉरशिपच असतो. फक्त त्याला पत्ता नसतो. मार्व्हलने २००१ साली आणि डीसी व आर्ची यांनी २०११च्या जानेवारीत संहिता सोडली, तेव्हा तिचे कोणाला सुतक वाटले नाही. तिला उठवायला न्यायालयाचा निकाल लागला नाही, कारण तिला बसवायलाही लागला नव्हता.

मुलांविषयीची भीती यापुढेही येत राहील. ती खरी असेल आणि तिची टिंगल करू नये. खेळ, रील्स, यंत्राने रचलेल्या गोष्टी, उद्या आणखी काही. प्रत्येक नव्या माध्यमाच्या वेळी कोणी तरी कळवळून बोलेल, आणि त्यातले बरेच जण वर्थम यांच्यासारखेच मनापासून बोलतील. त्यांना चार प्रश्न विचारण्याचा हक्क आपण राखून ठेवावा. ही गोष्ट कोणत्या वयाच्या मुलांसाठी घातक आहे? न बिघडलेल्या मुलांशी तुलना करून ते सिद्ध झाले आहे काय? प्रौढांसाठी ती शिल्लक राहील याची तजवीज केली आहे काय? आणि निर्णय चुकला तर दाद कोणाकडे मागायची? १९५४ साली पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान वर्थम यांच्याकडे होते. उरलेल्या तिन्हींची उत्तरे कोणाकडेच नव्हती. ही उत्तरे घेऊन जो येईल त्याच्या बाजूने पालक म्हणून आपण उभे राहावे. ती न देता मुलांचे नाव घेऊन जो येईल, त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी त्याला ठामपणे नाही म्हणावे, कारण तो बंद करू पाहतो त्या गोष्टी उद्या मोठ्या झालेल्या याच मुलांच्या हक्काच्या आहेत.